स्क्रीन का जाते

स्क्रीन पुन्हा जाणार हे दर्शनाला ठाऊक होतं. कधी, एवढाच प्रश्न होता. विम्याच्या कंपनीचं काम ती घरूनच करायची. कानाला हेडफोन, समोर लॅपटॉपवर ग्राहकाची माहिती, आणि दावा का अडकलाय ते गोड आवाजात समजावून सांगायचं. पण माहितीच दिसेनाशी झाली तर नुसत्या गोड आवाजाला कोण विचारतो? मागच्या आठवड्यात स्क्रीन ऐन कॉलमध्ये गेली, तेव्हा वरच्या प्रिती मॅडमनी स्पष्टच बजावलं होतं की शुक्रवारी तुझे कॉल मी स्वतः ऐकणार, आणि तेव्हा गडबड झाली तर सोमवारपासून अंधेरीला ऑफिसात येऊन बसायचं.

अंधेरीला जायला दर्शनाची ना नव्हती. पण मग सासऱ्यांना कोण बघणार? कॉटन ग्रीनच्या गोदामात जन्मभर गाठी उचललेले गुणाजी गणपतीनंतर अर्धांगाच्या झटक्याने आडवे झाले होते. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. नवरा हितेंद्र दिवस उगवायला कामासाठी शिवडी गाठायचा. सासूबाईंचे, रमाबाईंचे गुडघे त्यांचंच ऐकत नव्हते, त्या गुणाजींना कुशीवर काय वळवणार? म्हणून दर्शनाने खाटेला चिकटूनच टेबल मांडलं होतं, त्यांच्या उजव्या अंगाला. एका हाताने काम, दुसऱ्या हाताने पेज भरवायची. भरवताना लॅपटॉप मिटला तरी कॉल तुटू नये, अशी सोयही तिने करून घेतली होती.

रमाबाईंनी आपल्या परीने इलाज केला होता. दादरला फुटपाथवरून त्यांनी एक कडं आणलं. विकणाऱ्याने त्याला टाचणी चिकटवून दाखवली आणि रक्त असंच खेचलं जातं म्हणून पटवलं. टाचणी चिकटली म्हणजे विज्ञानच झालं, रमाबाईंचा विश्वास बसला. ते कडं तेव्हापासून गुणाजींच्या मेल्या मनगटात होतं. दर्शनाला त्याचा राग यायचा, पण सासूच्या आशेशी भांडायचं तरी कसं?

लालबागच्या मयूरने, हितेंद्रच्या मित्राने, लॅपटॉप आपल्या दुरुस्तीच्या दुकानात नेऊन ठेवून पाहिला. तिथे स्क्रीन एकदाही गेली नाही. तरी त्याने बिजागरीतून जाणारी वायर बदलली. घरी आल्यावर तासाभरात पुन्हा काळोख. लॅपटॉपसुद्धा गरीब बघून छळतो, असं दर्शनाला वाटायला लागलं होतं.

शुक्रवारी सकाळी तिने मयूरला फोन केला. तो विचार करून म्हणाला, "वहिनी, आता गेली की मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर मारा. आत पुसट अक्षरं दिसली तर मागची लाईट गेलीये, घेऊन या. पण काहीच दिसलं नाही, तर त्याला झाकण मिटल्यासारखं वाटतंय. झाकण मिटलेलं तो चुंबकावरूनच ओळखतो. म्हणजे जवळपास चुंबक आहे."

तिने लगेच मोबाईलचं कव्हर काढलं, चुंबकाच्या बटणाची पर्स फळीवर फेकली. गुणाजींचं कडं तिला आठवलं, नाही असं नाही. पण तो हात वीतभर लांब उशीवर होता, आणि तो कुठे हलणार होता?

दुपारी रमाबाई भाजीला गेल्या. पहिले कॉल सुरळीत झाले. मग एक बाई लाईनवर आली, नवऱ्याच्या ऑपरेशनचा दावा का नाकारला म्हणून रडकुंडीला आलेली. दर्शनाने तिची फाईल उघडली, कारण वाचायला घेतलं आणि स्क्रीन गेली.

"एक मिनिट हं ताई, बघते," एवढं ती कसंबसं बोलली. कॉलवर प्रिती मॅडम सगळं ऐकत होत्या. तिने टॉर्च मारला. पुसटसं एक अक्षरही नाही. म्हणजे चुंबक. पण कुठे? टेबल रिकामं होतं. तिने टॉर्च तसाच कडेला फिरवला आणि तिला कडं दिसलं.

गुणाजींचा हात लॅपटॉपच्या कडेवर होता.

ही सासूबाईंचीच करामत, जाताना हात नीट ठेवला नाही, असं पुटपुटत तिने तो उचलून उशीवर ठेवला. स्क्रीन लख्ख उजळली. कारण साधंच निघालं, एक रिपोर्ट जोडायचा राहिला होता. तिने बाईला सगळं समजावलं, बाईचा आवाज निवळला. कॉल संपल्यावर प्रिती मॅडमनी स्क्रीनचं विचारलं. दर्शना म्हणाली, "दोष सापडला, मॅडम. आता नाही जाणार." पुढच्या वेळी उत्तर लवकर दे, एवढंच बोलून मॅडम गेल्या. अंधेरी टळली होती.

दर्शनाने हेडफोन काढला आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. सासूबाई गेल्या त्याला बराच वेळ झाला होता. मधले सगळे कॉल स्क्रीन चालू होती. मग हात तिथे आणला कुणी?

ती श्वास रोखून उशीकडे बघत राहिली. आधी बोटं आखडली. मग मनगट, ओझं ओढावं तसं, चादरीवरून सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं. गुणाजींची नजर स्क्रीनवर होती, दात ओठांवर रोवलेले. कपाळ घामाने भिजलं होतं. कडं लॅपटॉपच्या कडेला टेकलं आणि स्क्रीन गेली. मग त्यांनी डोळे वळवून तिच्याकडे पाहिलं. हात हलतोय, इतके दिवस ते हेच सांगत होते, आणि ती दर वेळी वायरी तपासत बसली होती. तिला रडू आवरेना.

रमाबाई पिशवी घेऊन दारात आल्या, काळा लॅपटॉप आणि रडणारी सून बघून मटकन बसल्या. "परत गेली काय गो तुजी स्क्रीन?"

"गेली नाही, आई," दर्शना म्हणाली. "बाबांनी घालवली."