म्हैस, डास आणि पुढची जागा

बाबांच्या गुडघ्यांनी एकदाचे हात टेकले, आणि घरात दोन पक्ष पडले.

दर रविवारी सकाळी दहा-बारा मोटारसायकली गावाबाहेरची टेकडी चढत, वरच्या पाण्याच्या टाकीपाशी घटकाभर थांबत आणि उतरून आपापल्या वाटेला लागत. सगळ्यांच्या पुढे बाबा. पुढचा नेईल तो रस्ता, पुढच्याचा असेल तो वेग, आणि पुढच्याला ओलांडायचं नाही, हा नेम. आता बाबांना किक मारणं होईना. पुढची जागा रिकामी झाली, आणि तिच्यावर डोळा होता त्यांच्या लेकीचा आणि सुनेचा.

लेक चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची. वहिनी तिला वन्सं म्हणायची, म्हणून रविवारची सगळी मंडळी, अगदी सत्तरीचे न्हावीकाकासुद्धा, तिला वन्संच म्हणत. वन्संची गाडी जुनी, काळी, अंगाने भरलेली. ती सुरू झाली की खिडकीची तावदानं आपापसात बोलू लागत. वहिनी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. तिची गाडी लाल, टोकदार, आणि तिच्यावर बसायचं म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर पालथं पडायचं. वन्सं त्या गाडीला डास म्हणे, वहिनी जुनीला म्हैस. मंडळीतही दोन तट होते, धडधडे आणि सुसाटे. सुसाट्यांना वाटे, धडधडे गाडी चालवत नाहीत, तिला फिरायला नेतात. धडधडे म्हणत, सुसाट्यांना रस्ता दिसतच नाही, तो नुसता संपतो. दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, कामावर सायकलने जाई आणि दोन्हीकडचं मुकाट ऐकून घेई.

वन्संला ती जागा मिरवायला नको होती. लहानपणी ती बाबांच्या मागे बसून टेकडी चढली, मोठेपणी त्यांच्या मागे गाडी चालवून. एवढ्या वर्षांत तिने रस्त्यापेक्षा बाबांची पाठच जास्त पाहिली होती. एकदा समोर नुसता रस्ता असावा, मध्ये कुणाचंही डोकं नसावं, एवढंच तिला हवं होतं. आणि हे घरात बोलून दाखवायची तिची छाती नव्हती, कारण ऐकून बाबांना वाईट वाटलं असतं.

जेवताना विषय निघाला. बाबा वन्संकडे बघून म्हणाले की नुसत्या वेगाने कुणी पुढारी होत नाही. वहिनीने ताटातून मान वर न करता सांगितलं, "बोलले लेकीला आणि लागलं सुनेला. पोचलं हं बाबा."

बाबांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी निवाडा केला. पुढे राहणाऱ्याला मागच्यांच्या गाड्यांची कुवत कळली पाहिजे. तेव्हा रविवारी दोघींनी गाड्या बदलून घ्यायच्या. वर जी आधी पोचेल तिची जागा.

वहिनीचा घास हातात राहिला. वन्संचे डोळे चमकले. दादाने हळूच विचारलं की कुणी पडलं तर. त्याला उत्तर मिळालं नाही, भाजी मिळाली.

खरी मेख पायांत होती. जुन्या गाडीचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या. नव्या गाडीचं सगळं उलट. हात शहाणे असतात, सांगितलेलं ऐकतात. पाय मात्र सवयीचे गुलाम. त्या आठवड्यात वन्सं काचा घासता घासता टेबलाखाली पाय हलवून घोकत होती, डावा गिअर, उजवा ब्रेक. दुकानाच्या मालकिणीला वाटलं मुंग्या आल्या असतील.

रविवार उजाडला तो लख्ख. बाबा दादाबरोबर शेजाऱ्यांच्या मोटारीतून आधीच वर गेले होते. मंडळींनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गाड्या लावल्या. वहिनीने म्हशीला किक मारली, एकदा, दोनदा, पाचदा. शेवटी मंडळींनी धक्का मारून गाडी सुरू करून दिली, तेव्हा धडधड्यांच्या तोंडावर हसू मावेना. इकडे वन्संने डासावर टांग टाकली खरी, पण सीट इतकी उंच की पायाची बोटंच जेमतेम जमिनीला लागली. तिने बटण दाबलं. काहीच थरथरलं नाही. गाडी सुरू झाली हे तिला दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

न्हावीकाकांनी रुमाल हलवला.

आणि काय सांगावं, वन्संने मूठ पिळली मात्र, पोट पाठीला जाऊन चिकटलं. झाडं झाडं राहिली नाहीत, हिरवी रेघ झाली. पहिलं वळण आलं म्हणेतो गेलंसुद्धा. वाकावं लागतं म्हणून ती वाकली आणि गाडी आपली आपण वळली, जणू पोरीने मान वेळावावी. ही वहिनी दर रविवारी असली मजा मुठीत आवळून आपल्या मागे रांगत असते? वन्संला हसू फुटलं, हेल्मेटच्या आत तिला स्वतःचंच हसू ऐकू आलं. मागे बघायला आरशात डोकावली तर आरशात तिचीच कोपरं. उजव्या आरशात उजवं, डाव्यात डावं. म्हणून तर वहिनीला मागचं काही दिसत नाही, आणि आपण तिला बेफिकीर म्हणत होतो.

शेवटचं वळण केसात घालायच्या आकड्यासारखं. वन्संने वेग आवरायला ब्रेक दाबला, म्हणजे दाबला असं तिला वाटलं. दाबला डावा पाय. गिअर धाडकन खाली पडला, इंजिन किंचाळलं, मागचं चाक सरकलं, आणि जीव मुठीत धरून ती कशीबशी वळणाच्या वर निघाली. अंग घामाने भिजलं होतं. टाकी समोर दिसत होती. टाकीपाशी काठी टेकून बाबा.

तेवढ्यात तिला जाणवलं, मागे आवाज नाही.

रस्ता तिथे उलटा फिरत होता, त्यामुळे कठड्यावरून खाली थेट वळणच दिसायचं. वन्संने थांबून वाकून पाहिलं. वहिनीचंही तेच झालं होतं. ब्रेक म्हणून दाबला उजवा पाय, तर म्हशीने चढावर वरचा गिअर घेतला आणि दोन उचक्या देऊन मान टाकली. आता वहिनी किकेवर नाचत होती. खाड, खाड, खाड.

वन्संला वहिनीची दया आली असं कुणी म्हटलं तर ते खरं नव्हे. तिला दया आली गाडीची. टाकी हाकेच्या अंतरावर, बाबा बघताहेत, हातचा डाव. पण ती खाडखाड तिच्या हाडांत वाजत होती. तिला ऐकवेना.

"वहिनी, मारू नकोस तिला! हँडलखालचा छोटा खटका दाबून धर. किक हळू खाली ने, समोरची सुई मधोमध आली की खटका सोड. मग एकदाच मार, सगळा भार टाकून."

वहिनीने वर पाहिलं. "तुम्ही अजून इथेच वन्सं?"

"सुई बघ, मला काय बघतेस."

वहिनीने सुई बघितली. मग एकच किक, आणि दगडांनासुद्धा ऐकू जावी अशी धडधड सुरू झाली. वन्संला इतका आनंद झाला की तिने टाळी वाजवली. टाळी वाजवायला दोन्ही हात लागतात. डास चढावर एका अंगाला कलला, बोटं जमिनीला पुरेनात. ती त्याला सावरतेय तोवर म्हैस वळणावरून डुलत वर आली आणि तिच्या अंगावरून, अगदी तिच्या नाकावर टिच्चून, पुढे गेली. वहिनीने थांबून आभारसुद्धा मानले नाहीत.

वन्सं टाकीपाशी पोचली तेव्हा वहिनी हेल्मेट काढून बाबांना सगळं प्रामाणिकपणे सांगत होती. मागून वर आलेल्या सुसाट्यांच्या मते हा निकाल रद्द. धडधड्यांच्या मते म्हैस जिंकली, म्हणजे ते जिंकले. पण म्हशीवर वहिनी होती, तेव्हा आनंद करावा की नाही हे त्यांना ठरवता येईना. बाबा लेकीकडे वळले. तिला थांबायला कुणी सांगितलं होतं, असं त्यांनी विचारलं. वन्संने हेल्मेट काढलं.

"आधी पोचली ती वहिनी," ती म्हणाली. "पुढे तीच राहील."

 बाबांनी दादाच्या हातातली कॉफी घेऊन तिला दिली. दादाला ती स्वतःसाठी हवी होती.

उतरताना गाड्या परत बदलायचं कुणालाच सुचलं नाही. वहिनी पुढे, वन्संचा डास तिच्या मागे, मग बाकीचे. वन्सं पुन्हा एका पाठीकडे बघत होती. पण एक नवलच झालं. म्हशीचा आवाज तिला आजवर सीटवरून नुसता अंगात जाणवला होता. मागून तो असा ऐकलाच नव्हता, सगळ्या घाटाला पुरून उरणारा. बाबांच्या मागे होती तेव्हा त्यांच्या धडधड्या गाडीचा आवाज तिच्या स्वतःच्या गाडीने झाकला होता. आता डास पायाखाली गप्प होता. आपल्या गाडीला इतका छान गळा आहे, हे तिला आज कळलं.

टेकडी संपली, सरळ सपाट रस्ता लागला. वहिनीने डावा हात वर केला. हात वर म्हणजे थांबा, म्हणून वन्संने मूठ सोडली, ब्रेक लावला, बरोबर पायाने. पण वहिनी थांबत नव्हती. ती रस्त्याच्या कडेला सरकली आणि हाताने पुढे, पुढे असं खुणावू लागली. पुढच्याला ओलांडायचं नाही, हा नेम होता. पण पुढचा ठरवील ते, हाही नेमच होता. वन्संने गाडी तिच्या बरोबरीला आणली.

"बघताय काय वन्सं," वहिनी त्या धडधडीवरून ओरडली, "तुमच्यापुढे राहून म्हशीला झोप येते. निघा."

वन्सं टाकीवर पालथी झाली आणि तिने मूठ पिळली.