फ्रिजमधला हिवाळा

परवीनच्या लेकीने, सादिकाने, जर्मनीहून ट्यूलिपचे कांदे पाठवले तेव्हाच बजावलं होतं, "अम्मी, यांना आधी थंडी लागते. दोन-अडीच महिने फ्रिजमध्ये ठेव, मगच कुंडीत लाव."

दापोडीत थंडी कुठली! परवीनने फ्रिजचा खालचा खण रिकामा केला. नवऱ्याने एकदा त्यात कोथिंबीर ठेवली, तर तिने घर डोक्यावर घेतलं. मग रमजान लागला. चाळीत मोठा फ्रिज तिचाच, त्यामुळे इफ्तारची सगळ्यांची सफरचंदं तिच्याकडे आली. रोजेदाराला नाही कसं म्हणायचं? तिने ती कांद्यांशेजारीच रचली.

ईदनंतर तिने कांदे कुंडीत लावले. पानं तरारली, पण कळीचा पत्ता नव्हता. पाणी घालता घालता तिने व्हिडिओ कॉलवर लेकीला कुंडी दाखवली.

"अम्मी, फ्रिजमध्ये सोबत काय होतं?"

"काय असणार? रोज्याची सफरचंदं."

सादिका हळूच म्हणाली, "सफरचंदातून एक वायू सुटतो, तो कांद्याला लागला की कळी आतच मरते गं."

"मग आधी सांगायला तोंड शिवलं होतं का?" परवीनने फोन आपटला. पण आता भांडायचं तरी कुणाशी? हातातला तांब्या अर्धा भरलेला होता. तो तिने त्याच कुंडीत रिकामा केला.