छायानंदांचा बिनउन्हाचा मळा

गुरुवारी दुपारचे चार वाजले की आंबेखोल वाड्याच्या, त्या छोट्या वस्तीच्या, वरच्या अंगाचं निळ्या पत्र्याचं फाटक उघडायचं, आणि सुर्ला-पाळीपासून आलेली माणसं चपला हातात घेऊन आत शिरायची. आत बाबा छायानंदांचा मळा. पाठीला डोंगर, डोंगराच्या अंगाला हा एवढा मोठा आंबा, आणि खाली उन्हाचा एक कवडसाही नाही. अशा जागी लेटूस माजलं होतं. पानं कोवळी, हिरवीगार, तोंडात टाकली तर पाण्यासारखी गोड. पान चावून माणसं डोळे मिटत आणि नमस्कार करत.

"ऊन म्हणजे ताप," पाटावर बसलेले बाबा सांगत. "ताप म्हणजे संताप, आणि संतापातून येतो कडवटपणा. म्हणून आम्ही सूर्याला या जागेपुरती रजा दिली आहे. बा देवा म्हाराजा, या लेकरांच्या भाजीतला कडवटपणा काढून टाक रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे एका सुरात म्हणत. गावात गाऱ्हाणं घालायचं ते गावच्या देवाला. बाबा दोन वर्षांपूर्वी कुठून तरी आले, गाऱ्हाणं शिकले आणि ते स्वतःच्याच पाटासमोर घालू लागले. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

वाड्यातल्या बायकांचं दुखणं खरं होतं. मोरजीच्या हॉटेलांना लेटूस लागतं म्हणून त्यांच्या बचत गटाने भात कापलेल्या शेतात वाफे घातले. रोपं सरसर वाढली, गुडघ्याला लागली. बायका खूश. पण टेम्पोवाला आला, एक पान चावलं आणि थुंकला. कडूजहर. गंमत अशी की ही गोऱ्यांची भाजी वाड्यात कुणी खातच नव्हतं. ती गोड असते की कडू हे टेम्पोवाल्याने सांगेपर्यंत कुणाला ठाऊकच नव्हतं. त्यानंतर टेम्पो निळ्या फाटकापाशी थांबू लागला.

बाबांनी 'छायाजला'च्या बाटल्या दिल्या. बायकांनी त्या वाफ्यांवर शिंपडल्या. पानं कडूच राहिली. आता लोक बाबांना विचारणार, म्हणून बाबांना कारण हवं होतं, आणि त्या गुरुवारी त्यांना ते सापडलं.

"सूर्याशिवाय झाड वाढतं कसं, बाबा?" सुमंगलाने भरल्या बैठकीत विचारलं. सुमंगला ही प्रशांतची बायको, बेळगावकडची. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तरी वाडा तिला अजून 'घाटावरची' म्हणत होता.

बाबा हसले. "प्रत्येकीच्या हातचं पान आणा," ते म्हणाले. केळीच्या पानांत बांधलेल्या पुड्या आल्या. बाबांनी एकेक चाखायला लावली. सगळी कडू, पण सुमंगलाचं पान सगळ्यांत कडू. "बघा," बाबा म्हणाले, "कडू हात. हा हात मातीत आहे तोवर गटाची भाजी गोड होणार नाही. रविवारी पुन्हा कौल घेऊ. तेव्हाही कडू निघालं तर सोमवारी हिला माहेरी पोचवा. लेकरू मात्र इथेच ठेवा, ते या मातीचं आहे."

सुमंगलाने चार वर्षांच्या सेजलला घट्ट धरलं. प्रशांत खाणीवरचा ट्रक चालवायचा, धट्टाकट्टा गडी. तो खाली मान घालून म्हणाला, "व्हय म्हाराजा."

गर्दीत मागे उभी होती प्रशांतची आई, शेवंतीबाय. ही जन्माची संशयी. पाव घेतानासुद्धा दाबून, हुंगून, उलटा करून बघणार. सहा वर्षं तिने सुनेलाही तसंच उलटंसुलटं करून बघितलं होतं, खोटं कशाला बोला. पण सून घरात राहू नये असं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि सेजल आईवाचून जेवत नाही हेही तिला पक्कं माहीत होतं. सगळे उठले तेव्हा ती मुद्दाम रेंगाळली. वाफ्याच्या कडेला गोणपाटावर नारळाच्या वाट्या पसरलेल्या होत्या. भक्तांनी वाहिलेले नारळ, बाबा खोबरं करून तेल काढत असणार. शेवंतीबायने एक वाटी उचलली. खोबरं करवंटीपासून सुटून आलं होतं, कडा आत वळल्या होत्या.

तिने वाटी होती तशी ठेवली आणि गुपचूप घरी आली. उभ्या आयुष्यात तिने हजारो नारळ वाळवले होते. चार-पाच दिवस सणसणीत ऊन खाल्ल्याशिवाय करवंटी खोबरं सोडत नाही. मग सूर्य जिथे रजेवर आहे तिथे हे वाळलं कशावर?

"बाबांचा मळा सकाळी कुणी बघितला आहे?" तिने शेजारच्या गौरवीला विचारलं. गौरवी शाळेत शिकवायची.

"सकाळी त्यांचं मौन असतं ना, मावशी. दुपारपर्यंत फाटक बंद. तेव्हा कुणी आत गेलं तर पानं जळतात, असं ते सांगतात."

"पानां जळतत की आणखी काय जळता, ता बघूक होया," शेवंतीबाय म्हणाली. "आणि ह्या वाच बघू." तिने वाफ्यात काठीला खोचलेलं बियांचं रिकामं पाकीट आणलं होतं. सगळ्या बायकांनी ओळखीसाठी तशी पाकिटं खोचली होती. मागच्या इंग्रजीकडे कुणी बघितलं नव्हतं.

गौरवीने वाचलं आणि कपाळावर हात मारला. "मावशी, इथे लिहिलंय, अर्धाच दिवस ऊन द्या. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. कडक उन्हात ही भाजी फुलायची घाई करते, मधून दांडा काढते, मग पानात कडू चीक उतरतो. रोपं गुडघ्याएवढी झाली तेव्हाच ती बिघडली होती."

शेवंतीबायने पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं करून बघितलं. भाजीला वत, म्हणजे ऊन, हवं, तांबड्या भाजीला जेवढं ऊन तेवढी ती चढते, हे तिच्या आईने तिला शिकवलं होतं. सुमंगलाच्या वाफ्यावर बांधावरच्या फणसाची फांदी येत होती. 'सावलीत भाजी कुजतली, तोड ती,' असं सुनेला दरडावून सांगणारी तीच होती. सुनेने मुकाट्याने फांदी तोडली, म्हणून तिचं पान सगळ्यांत कडू. शेवंतीबायला त्या रात्री भाकरी गोड लागली नाही.

रविवारी सकाळी साडेआठला पाव विकणारा पोदेर सायकलचा भोंगा वाजवत डोंगराकडे वळला, तेव्हा त्याच्यामागून सासू-सून चालत होत्या. मौनातल्या महात्म्यालाही गरम पाव लागतात. फाटक उघडलं. "काल उंडे पाव कच्चे होते," मौनातले बाबा पोदेराला दरडावत होते. "आणि कोंड्याचे पाव, पोळ्या कुठायत?" बाबा पिशवी आणायला घरात वळले तशा दोघी आत शिरल्या.

आत लख्ख ऊन होतं. डोंगर पश्चिमेला, आंबाही पश्चिमेला. पूर्वेला नुसता कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आणि पलीकडे ओहळाचा उतार. सूर्य तिथून थेट वाफ्यावर उतरला होता. पानं उन्हात चमकत होती, आणि गोणपाटावर ताज्या फोडलेल्या वाट्या वाळत होत्या.

"आत्ती, हितं तर ऊन हाय की," सुमंगला सासूला म्हणाली.

"आसा. बारापर्यंत आसतला, मगे आंब्याची सावळी. तू तुज्या हातान चार पानां खुड. आणि तोंड बंद ठेव."

संध्याकाळी बैठक भरली. गुरुवारच्या दुप्पट माणसं. बाबांनी डोळे मिटून सुमंगलाच्या पुडीवर हात धरला आणि शहारले. "कडू. हातातून थेट काळजापर्यंत कडू." मग शेवंतीबायच्या पुडीवर हात धरला. "आणि हा बघा वडीलधाऱ्या माउलीचा हात. मध आहे मध. प्रशांता, तूच चाख, म्हणजे तुझा किंतू जाईल."

प्रशांतने बायकोच्या पुडीतलं पान तोंडात घातलं. चावलं, थांबला, पुन्हा चावलं. "गोड आसा," तो पुटपुटला. लोक चुळबुळले. त्याने घाईने आईच्या पुडीतलं पान घेतलं आणि चावताक्षणी बाजूला थुंकला.

"कसा लागला, झिला?" शेवंतीबायने लेकाला विचारलं.

"कडू."

"बायलेचो हात कडू, म्हणून तिका म्हायराक धाडतलस. आता माजो हात कडू निघालो. तुज्या ह्या आवशीक खंय धाडतलस, सांग."

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"तुमका सांगतंय," शेवंतीबाय लोकांकडे वळली. "सुनेन खुडला ता पान ह्या बाबाच्या वाफ्यातला. मी खुडला ता सुनेच्या वाफ्यातला. हात बदललो, चव नाय बदलली. चव वाफ्याबरोबर गेली."

"कलियुग," बाबा उठत म्हणाले. "चोरी करून देवाची परीक्षा बघता?"

"पानां चोरलंय, मी खंय नाय म्हणतंय. पण तुमी सकाळचो सूर्य चोरलास." मग तिने खोबऱ्यापासून पाकिटापर्यंत सगळं सांगितलं. आपणच फांदी तोडायला लावली तेही सांगितलं. "माजा खरा मानू नकात. गडग्यापलीकडे ओहळ आसा, थंयसून वाफो दिसता. उद्या सकाळी आठाक येवा, आपल्या डोळ्यान बघा."

सोमवारी चाळीसेक माणसं ओहळाच्या उतारावर उभी राहिली. फाटकाला कुलूप होतं. बाबा पहाटेच गेले होते, जाताना खोबरं न्यायला विसरले नव्हते. पण वाफा जागेवर होता आणि त्यावर चांगलं हातभर ऊन खेळत होतं. दोन वर्षं लोक दर गुरुवारी दुपारी चारला येत होते, म्हणून त्यांना दर वेळी सावलीच दिसत होती. चमत्कार एवढाच होता. गौरवीने पाकीट मोठ्याने वाचून दाखवलं, आणि बायकांनी पुढचे वाफे आंब्या-फणसांच्या पूर्वेला घालायचं तिथेच ठरवलं.

घरी सुमंगलाची पिशवी शनिवारीच भरून ठेवलेली होती. "सोड ती आता," प्रशांत ओशाळून म्हणाला.

"सोडीन की," ती म्हणाली. "आधी येक सांगा. काल ते पान कडू लागलं असतं, तर मला बसमधी बसवलं असतं न्हवं?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. त्याने एकदा आईकडे बघितलं, एकदा सेजलकडे. "बसयलंय असतंय," तो म्हणाला. शेवंतीबायने त्याची बाजू घेतली नाही. प्रशांत खाली बसला आणि पिशवीतली लुगडी एकेक करून स्वतः कपाटात ठेवू लागला.

वाचकहो, बाबा पळाला म्हणून हसू नका. तो उद्या दुसऱ्या वाड्यावर दुसरं झाड शोधेल. त्याला अडवायला फार शिक्षण लागत नाही. तो म्हणेल चारला या, तर तुम्ही आठला जा. तो म्हणेल हात कडू, तर हात बदलून बघा. आणि हे सगळं घरातल्या माणसाची पिशवी भरायच्या आधी करा.