खालच्या टोळीचा आठवा माणूस

मेल्यावर तरी माणसानं जरा गप्प पडावं. आमच्या ह्यांना तेही जमलं नाही. जाऊन अकरा वर्षं झाली, पण गेला पंधरवडा सकाळी चहाचं पातेलं ठेवते न ठेवते तोच जमिनीतून ठोके सुरू. तीन जलद, एक सावकाश. खिळ्याला अडकवलेली पळी थरथरते, बशीतला कप नाचतो, आणि समोर बसलेला माझा मुलगा घास तोंडात तसाच ठेवून फरशीकडे बघत राहतो.

तीन जलद, एक सावकाश म्हणजे ‘माणूस पाठवा’. हे मला कुणी शिकवलं नाही. शाळेत मी दुसरीपर्यंत गेले, तीही अर्धी. पण हे रेल्वेच्या कामावर मुकादम, आणि तीस वर्षं मी त्यांचा डबा घेऊन रुळाकडेनं चालले. हातोड्याचं बोलणं मला अक्षरांपेक्षा बरं कळतं. ह्यांना कुठल्याही कामावर एक माणूस कमीच पडायचा. मुलगा चौदाचा झाला तेव्हा त्याच्या हातातलं पुस्तक काढून पहार दिली ती अशीच. “एक माणूस कमी आहे,” म्हणाले. झालं.

आता कंपनीनं पाताळात रेल्वे न्यायची ठरवलंय. सकाळी जायचं, आपलं गेलेलं माणूस भेटायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. वरून जिवंत माणसं रूळ टाकत उतरणार, खालून मेलेली चढत येणार, मध्ये सांधा. सांध्याच्या जागी चुन्याची रेघ मारलीय. पहिली गाडी जाऊन येईपर्यंत त्या रेघेपलीकडे जिवंत माणसाचा पाय पडला, की तो तिकडचाच. दोघांचा पडला. त्यातल्या एकाची टोपी इकडे राहिली, ती अजून कंपनीच्या साहेबाच्या टेबलावर आहे. न्यायला कुणी येत नाही.

वरच्या टोळीचा मुकादम माझा मुलगा. खालच्या टोळीचा कोण, ते सांगायला नको.

सगळं काम शेवटच्या एका रुळावर अडलं. तो पडायचा रेघेपलीकडे, म्हणजे खालच्यांनीच उचलायचा. रुळाला चार चिमटे, चिमट्याला दोघं, अशी आठ माणसं लागतात. खाली ह्यांना धरून सातच उरली. आठव्याची पाळी आली आणि तो निघून गेला. आला असेल कुठेतरी जन्माला, पडला असेल रडत. तिथंही माणसं काम अर्धवट टाकून जातात बघा.

“आई, बाबा बोलावतायत.”

“ऐकू येतंय मला. बहिरी नाही झाले.”

“मी नाही गेलो तर लायन तशीच राहील.”

“राहू दे की. मी काय तिकीट काढून बसलेय?”

हसला नाही. टेबलाखाली त्याचा पाय हलत होता. तीन जलद, एक सावकाश. ते मी पाहिलं, चुलीपाशी सुनेनंही पाहिलं.

सून तशी हुशार. तिनं त्याचे बूट पिठाच्या डब्यात लपवले. दुपारी बघते तर डबा उघडा, आणि पिठाची पावलं फरशीवरून दाराबाहेर गेलेली. मी चपला घातल्या आणि त्या पावलांमागं निघाले.

बोगद्यात शिरल्यावर आधी घामाचा वास येतो, मग नुसता गारठा. उतरत जावं तशी पायाखालची खडी पांढरी होते, हलकी होते. कशाची आहे, मी विचारलं नाही.

मुलगा रेघेपाशी उभा होता. बुटाचं टोक आणि चुना यांत बोटभर जागा. पलीकडे कंदिलाच्या उजेडात सात माणसं, आणि सावली एकाचीही नाही. पुढे हे. अंगात तोच शर्ट, मी शिवलेलं बटण अजून जागेवर. खालच्यांना वाचा नसते. ह्यांनी मला पाहिलं आणि रुळावर ठोके घातले. तेच ते.

“साहेब,” मागे उभ्या कंपनीच्या साहेबाला मी म्हटलं, “रूळ मधोमध कापला तर?”

“मावशी, अर्ध्याला चार माणसं पुरतात. मी विचारलं होतं. पण खालचे मुकादम ठोक्यानंच नाही म्हणतात. तुकडा घेणार नाहीत.”

माझं डोकंच फिरलं. ‘माझ्या लायनीत जन्मात कधी तुकडा नाही’ हे मी लग्नकार्यात, जेवताना, आजारपणातसुद्धा ऐकलंय. म्हणजे तुकडा नको म्हणून पोरगा हवा!

“लोखंड कुणाचं?”

“कंपनीचं.”

“मग त्यांना काय विचारता? बाळा, करवत घे.”

“बाबा चिडतील.”

“चिडू देत. मेलेल्याचा रक्तदाब वाढत नाही.”

तरी तो हलेना. पलीकडून पुन्हा तीन जलद... चौथा पडायच्या आत मी पायाशी पडलेला हातोडा उचलला. तीस वर्षांत कधी हात लावला नव्हता. रुळावर दोन सावकाश घातले. ‘हात थांबवा.’ पलीकडच्या सातांचे हात थांबले. ह्यांचासुद्धा. सवय हो, दुसरं काय.

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मग करवत घ्यायला तो मागे वळला, आणि रेघेपासून त्याचा पाय सुटला. कापायला तास गेला. मी त्याच्या आणि रेघेच्या मध्ये उभी राहिले, गुडघे दुखले तरी. दोन्ही तुकडे पहारीनं पलीकडे ढकलले. चौघं चिमटे लावून वाकले, पण उचलेनात. ते ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. हे तुकड्यांकडे बघत होते.

मग मी बोलले. तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि चार माणसांत.

“अहो, ऐका. माणूस कमी पडला की दर वेळी तुम्ही घरात हात घातलात. पोराची शाळा तोडलीत तेव्हा मी गप्प बसले, ती माझी चूक. आता नाही. तुमच्या लायनीत तुकडा राहणार. प्रत्येक गाडी त्यावरून खडखडत जाणार आणि तुम्ही ते रोज ऐकणार. मुलगा माझ्याबरोबर घरी येतोय. पहिल्या गाडीनं मी तुम्हाला भेटायला येईन, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन. घाला ठोका, उचला म्हणावं त्यांना.”