चारही चाकांचा जोर

मी एक जुनी डिझेल गाडी आहे. मित्रांनो, माझा रंग कधीकाळी गडद हिरवा होता; आता त्याला काय म्हणावं यावर लोकांचं एकमत होत नाही. चाकं मोठी, पोट जमिनीपासून चांगलं उंच, आणि वेळ पडली तर चारही चाकांना एकदम जोर देण्याची सोय. आवाज मात्र दांडगा.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या ठिणग्या आणि ओल्या रंगाचा वास एवढंच आता आठवतं. माझा पहिला मालक लाकडाचा ठेकेदार होता. त्याने मला जंगलातून भरपूर राबवलं, पण तेलपाणी कधी चुकवलं नाही. पुढे त्याने धंदा आवरता घेतला आणि मी जुन्या गाड्यांच्या बाजारात येऊन उभी राहिले. तिथे एके दिवशी डॉक्टरीणबाई आल्या.

त्या जनावरांच्या डॉक्टर. डोंगरावरचे गोठे आणि मेंढ्यांचे वाडे हे त्यांचं कामाचं ठिकाण. घरी म्हातारी आई होती. आईची मूत्रपिंडं थकली होती, त्यामुळे ठरलेल्या वारी शहरातल्या दवाखान्यात नेऊन यंत्रातून रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. डॉक्टरीणबाईंची छोटी मोटार दोन्हीकडे कमी पडायला लागली होती. डोंगरावर तिचं पोट दगडांना घासे. त्यात एकदा ती भर रस्त्यात बंद पडली आणि आईचा उपचार हुकला. पायांवर सूज चढली, धाप लागली, दोन पावलं चालणं मुश्कील झालं. तेव्हापासून थोरल्या भावाने, म्हणजे दादांनी, धोशाच लावला होता, "आईला शहरात माझ्याकडे आणून सोड." आईला मात्र स्वतःचं घर सोडायचं नव्हतं. एवढं सगळं त्या दिवशी एका गाडीच्या निवडीवर येऊन ठेपलं होतं.

दादाही सोबत आले होते. त्यांच्या मनात माझ्या शेजारची गाडी भरली. छपरावर दिव्यांची रांग, गुळगुळीत आसनं, दिसायला डोंगर पालथे घालणारी. पण तिचा सगळा जोर पुढच्याच दोन चाकांना. विक्रेताही तिचंच कौतुक करत होता. डॉक्टरीणबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, बाह्या सारल्या आणि सरळ माझ्याखाली शिरल्या. गंज कुठे आहे, तेल कुठून गळतंय, ते बोटाने दाबून दाबून पाहिलं. बाहेर आल्यावर माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला. मी गार होते. गार असतानाच सुरू करून दाखवा, असं त्यांनी विक्रेत्याला सांगितलं. मी थरथरले, खोकले, थोडा धूर सोडला आणि सुरू झाले. मग त्यांनी मला बाजारामागच्या चढावर नेलं. परत येताना मुद्दाम अरुंद गल्लीतून आणलं, किराणा दुकानापुढे मागे घेऊन लावलं. रोज याच गल्लीत यायचंय, असं त्या म्हणाल्या.

"ही ट्रॅक्टरची बहीण आहे," दादा म्हणाले. "आईला यात बसवणार तू?"

"आईलाच विचारू."

मला घरी दाखवायला नेलं. आईने दाराला धरून पाय उचलला, पण गुडघा काही वर येईना. दादांनी बहिणीकडे पाहिलं, त्यात सगळं आलं. आईने पाय खाली ठेवला, दम घेतला आणि म्हणाली, "एक पायरी लावून घे. एवढ्यासाठी काय गाडी सोडायची?"

वेल्डरने लोखंडी पायरी बसवली, आत धरायला दांडा लावला. मी त्या घरची झाले. सकाळी औषधांच्या पेट्या घेऊन डोंगरावर जायचं, ठरलेल्या वारी दुपारी मला धुऊन पुसून आईला दवाखान्यात न्यायचं, येताना भाजी आणायची. माझं स्टिअरिंग जड, वळवताना खांदे भरून येत. छोट्या मोटारीपेक्षा डिझेलही मी जास्त प्यायचे. डॉक्टरीणबाई कुरकुर करत, पण चढाला लागलं की गप्प बसत.

एका वर्षी सतत पाऊस लागला आणि आईच्या उपचाराच्या दिवशीच रस्त्यावर दरड कोसळली. दादांचा फोन आला. त्यांचा सूर ठरलेलाच होता. डॉक्टरीणबाईंनी फोन ठेवला, आईला बसवलं आणि मला लाकूडतोड्यांच्या जुन्या वाटेला घातलं. पुढे ओढा आडवा आला. त्या काठी घेऊन स्वतः पाण्यात उतरल्या, पलीकडे जाऊन तळ चाचपून आल्या. मग चारही चाकांचा जोर लावला, खालचा, जास्त ताकदीचा गिअर टाकला आणि एका लयीत, कुठेही न थांबता मला पार नेलं.

काठावर चढतो न चढतो तोच एक माणूस हात हलवत आडवा आला. त्याची घोडी अडली होती. शिंगराचा एक पाय मागे दुमडला होता आणि घोडी आता कळाही देत नव्हती. डॉक्टरीणबाईंचा हात दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. शेजारी आईला धाप लागलेली.

"जा," आई म्हणाली. "ती माझ्यापेक्षा जास्त अडलीय."

"आणि तुझा उपचार?"

"मी इथे बसलेय. कुठे पळून जात नाही."

डॉक्टरीणबाई धावल्या. आईला ऊब मिळावी म्हणून माझं इंजिन चालूच ठेवलं होतं. आई दांडा घट्ट धरून समोर बघत होती. मधूनच तिचा श्वास अडकायचा, मग पुन्हा लागायचा. मित्रांनो, मला तेव्हा काहीच करता येत नव्हतं. न थांबता चालू राहायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

शिंगरू बाहेर आलं, धडपडत उभंही राहिलं. डॉक्टरीणबाई आल्या आणि आम्ही सुसाट निघालो. दवाखान्याच्या दारात दादा येरझाऱ्या घालत होते. रागाचे शब्द त्यांच्या ओठांवर होते, पण बहिणीचे कोपरापर्यंत रक्ताने माखलेले हात त्यांनी पाहिले.

"घोडी वाचली," आई म्हणाली. "आता मला उतरव."

दादांनी तिला आधार देऊन पायरीवरून उतरवलं. यंत्र चालवणारा तंत्रज्ञ उशिराबद्दल रागावला, पण जागा धरून ठेवली होती त्यानेच. परतताना दादा आमच्यासोबत आले. मागच्या बाकावर त्यांचं डोकं छताला आपटत होतं. आईला शहरात न्यायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आई पुढे बरीच वर्षं जगली. गेली ती आपल्या घरात, आपल्या खाटेवर. त्यानंतर डॉक्टरीणबाईंना माझ्याकडे बघवेना. कामाला त्यांना सरकारी गाडी मिळाली होती. मी घरच्या गोठ्यामागे उभी राहिले. बॅटरी उतरली, टायर एका बाजूने चपटे झाले, हवेच्या गाळणीत उंदरांनी घर केलं. डोंगर चढून मी जेवढी झिजले नसेन, तेवढी त्या जागी उभी राहून झिजले. एकदा भंगारवाला आला आणि माझ्या दारावर टिचक्या मारून गेला. दादांनीही विकून टाक म्हटलं. डॉक्टरीणबाई हो म्हणणारच होत्या.

तेवढ्यात दवाखान्याचा तो तंत्रज्ञ आपल्या कुत्र्याला लस टोचायला घेऊन आला. बोलता बोलता त्याने सांगितलं, की वरच्या वस्तीतल्या निवृत्त शिक्षिकाबाई हल्ली उपचाराला नेमाने येत नाहीत, त्यांच्या वाटेवर कुठलीच गाडी चढत नाही. डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली आणि कुत्र्याला थोपटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्रीला घेऊन त्या माझ्यापाशी आल्या. टाकीतलं नासलेलं डिझेल काढलं, उंदरांचं घर काढलं, नवी बॅटरी चढवली. मी पुन्हा पुन्हा खोकून बंद पडत होते. मेस्त्री हात पुसायला लागला. डॉक्टरीणबाई आसनावरून हलल्या नाहीत. किल्ली फिरवत राहिल्या, आणि अखेर मी धडधडत सुरू झाले.

शिक्षिकाबाई मोठ्या करड्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि ही वेळेवर पोचेल ना, असं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी उत्तराऐवजी गिअर टाकला.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी सायकल, एखादं शिलाई मशीन कोपऱ्यात उभं असेल. त्याच्यावर नुसती चादर टाकून ते जपलं जात नाही. त्याला तेल द्या, हवा भरा, आणि कामाला लावा. आमच्यासारख्यांना तीच माया कळते.

आज शिक्षिकाबाईंचा वार आहे. इंजिन तापलंय, दार लागलंय, आणि चढ समोरच आहे.