तीन बाटल्या आणि मी

मित्रांनो, देवनहळ्ळीच्या पलीकडे एका टोमॅटोच्या मळ्यात, पत्र्याच्या खोलीत खुंटीला लटकणारा मी एक जुना पंप आहे. विहिरीवरचा नव्हे, पाठीवर घेऊन फवारणी करायचा. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझे पोट सोळा लिटरचे, पण त्यात कोण काय ओततो, ते मला कधी कळले नाही.

भीमसेन आणि त्याची थोरली बहीण वसुमती यांनी मला विकत आणले. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. घरात मराठी, बाजारात कन्नड. आजूबाजूच्या शेतांत प्लॉट पडले, डोक्यावरून विमाने जाऊ लागली, तरी या भावंडांनी दीड एकर टोमॅटो सोडला नाही. पहिली दोन वर्षे माझे मोठे कौतुक झाले. काठ्यांना बांधलेली झाडे फळांनी वाकायची, आणि वसुमती म्हणायची की पंप चांगल्या पायगुणाचा आहे. आयुधपूजेला तिने मला हळदकुंकू लावले. मला वाटले, फळे मीच आणतो.

तिसऱ्या वर्षी शेंड्याची पाने आकसू लागली. वाटीसारखी वळली, पिवळी पडली, झाडे खुजी राहिली. दुकानदाराने एक बाटली दिली. आठ दिवसांनी दुसरी. मग तिसरी, आणि तिन्ही एकत्र मारायला सांगितले. घरात या सगळ्याला ‘औषध’च म्हणत. भीमसेन दिवसाआड मला पाठीवर घेई, मी फवारी, आणि झाडे आणखीच वाकडी होत. माझे काय चुकते ते मला उमगेना. त्यातच माझा वायसर झिजला. आतले पाणी झिरपून त्याचा सदरा भिजे. आधी वायसर बदल, असे अक्काने दोनदा बजावले. एवढी ओळ होऊ दे, असे तो दोन्ही वेळा म्हणाला.

एका दुपारी ती ओळ पुरी झालीच नाही. त्याला दरदरून घाम सुटला, तोंडातून लाळ गळू लागली, आणि तो माझ्यासकट सरीत कोसळला. वसुमती धावत आली. तिने माझे पट्टे सोडले, त्याचा सदरा काढला, अंग साबणाने धुतले आणि शेजाऱ्याच्या टेम्पोतून त्याला दवाखान्यात नेले. मी चिखलात पडून राहिलो. हे औषध होते ना? मग औषधाने माणूस कसा पडला?

पुढचे मी तिच्याच तोंडून ऐकले. डॉक्टरांनी औषधाचे नाव विचारले, तेव्हा तिने तिन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या.

“यातलं कुठलं?”

“तिन्ही. एकाच पंपात.”

भीमसेन दोन दिवस कुणाला ओळखत नव्हता. दहाव्या दिवशी घरी आला, तो भिंत धरून.

त्याच आठवड्यात शिवलीला नावाच्या शेती अधिकारी मळ्यात आल्या. त्यांनी एक फांदी हलवली, तशा बारीक पांढऱ्या माश्या उडाल्या. रोग ही माशी आणते, त्यांनी समजावले. पण एकदा तो झाडात शिरला की कुठलीच बाटली त्याला काढू शकत नाही. आजारी झाडे उपटा, पुढच्या वेळी रोपे जाळीत वाढवा.

भीमसेन बांधावर बसून ऐकत होता. “मग अक्का, मी इतके दिवस कशावर फवारत होतो?”

वसुमती पहिल्या ओळीत शिरली. तिने पहिले झाड उपटले. संध्याकाळपर्यंत अर्धा मळा उघडा पडला.

आता मला भंगारात टाकतील, असे मी धरून चाललो होतो. पण तिने नवा वायसर बसवला, नुसते पाणी भरले आणि मला स्वतःच्या पाठीवर घेऊन सारा बांध चालून आली. भावाला पाठ बघायला लावली. कोरडी होती.

“यापुढे बाटलीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय यात थेंब जायचा नाही. सरी? कळलं ना?”

“अक्षरं फार बारीक आहेत, अक्का.”

“मग स्वल्प हळू वाच. मला ऐकू येईल असं.”

तो अडखळत वाचू लागला, ती शेजारी बसून ऐकत राहिली.

मित्रांनो, मी त्या माणसाची सोबत केली की घात, हे मला आजही नीट सांगता येत नाही. तुमच्या घरचे कुणी फवारणीला निघाले, तर आधी त्याची पाठ बघा. पीक नंतर बघा.