आइल्साची अंड्यांची बादली

आइल्सा बर्न्टसनच्या बेटावर पाय ठेवायचा तर आधी तिच्या जिभेखालून जावं लागे. धक्क्यावर ती घमेल्यात जंतुनाशक कालवून, हातात ब्रश घेऊन उभी असे, आणि आलेल्याचे बूट घासून होईपर्यंत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी.

यंदा तिला कारणही होतं. पलीकडच्या बेटावर, तिच्या सख्ख्या बहिणीकडे, उनाकडे, साथीच्या रोगानं माना मुरगळून पेंग्विन मरू लागले होते. आइल्साची पाखरं अजून धडधाकट होती आणि तशीच राहावीत, एवढंच तिचं मागणं होतं.

"ज्याला त्याला घरात घ्यायचं, मग रडायचं," ती रोज सकाळच्या रेडिओवर उनाला सुनावत असे. त्या रेडिओवर एक बोलला की सगळी बेटं ऐकत. "माझ्याकडे बघ. एक पीस गळालं नाही."

उना फक्त त्या दिवशीचा मेलेल्यांचा आकडा सांगे.

पाखरांचा डॉक्टर मेरिक यॉन नमुने घ्यायला आला, तेव्हा आइल्सानं त्याला तीनदा बूट घासायला लावले.

"आईनं पाय धुवायला शिकवलं नाही वाटतं?"

"शिकवलं होतं, बाई. पण तिच्या हातात एवढा मोठा ब्रश नव्हता."

"तोंड कमी चालव. टाचेला घाण तशीच आहे."

दोघं वसाहतीवर गेली. मेरिक एकेक पाखरू काखेत धरून घशात कापसाची काडी फिरवी, पिसं उलटून गोचिडी पाही. आइल्सा आली होती अंडी वेचायला. वसंतात पेंग्विनची अंडी वेचायची, ही तिच्या आजीपासूनची रीत. एक उचललं तर पाखरू दुसरं घालतं. तिनं बादली घरट्यांच्या मधोमध टेकवली. लगेच एका मादीनं आत अंड्यांसाठी अंथरलेलं गवत चोचीनं ओढून आपल्या घरट्यात नेलं.

मेरिकनं हातातलं पाखरू सोडलं.

"बाई, मागच्या रविवारी उनाबाईंकडे अंडी वेचायला गेला होतात ना?"

"दरवर्षी जाते. मग?"

"बादली हीच?"

आइल्सानं बादलीकडे पाहिलं. तळाला उनाच्या बेटावरची विष्ठा वाळून बसली होती. ती झटक्यानं बादली उचलायला वाकली.

"आता घासू नका. आधी नमुना घेऊ द्या."

बादलीत रोग निघाला. आठवडाभरात, गवत नेणाऱ्या मादीच्याच घरट्याजवळ, पहिली मान मुरगळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर उनानं विचारलं, "काय गं, तुझी पाखरं कशी आहेत?" विचारण्यात खोच नव्हती, तेच आइल्साला जास्त लागलं.

"मरतायत."

"रोग कुणी आणला?"

सगळी बेटं कान देऊन होती. कुणीतरी खाकरलं. डॉक्टरचं नाव आइल्साच्या जिभेवर आलं. घेतलं असतं तर कुणी शंकाही घेतली नसती. पण बादली दारातच पालथी पडली होती.

"मी," ती म्हणाली. "अंड्यांच्या बादलीतून. तुझ्याकडून आणली ती न धुता इथं वापरली."

पलीकडून उना म्हणाली, "डॉक्टर म्हणतो, मेलेल्यांना हात लावू नकोस. ऐक त्याचं."

मेरिक मेलेली पाखरं मोजायला परत आला, तेव्हा आइल्सा धक्क्यावर होतीच. पण या वेळी तिनं घमेलं नुसतंच पुढे सरकवलं. त्यानं आपले बूट घासले आणि ब्रश तिच्यापुढे धरला.

"आता तुम्ही, बाई."

आइल्सा दगडावर बसली आणि टाचेपासून घासू लागली.